गिरासे कुठले? खानदेशातल्या विरळ आडनावांचा माग कसा काढायचा

पुण्या-मुंबईत 'गिरासे' असं आडनाव सांगितलं तर समोरचा ते बहुधा पुन्हा विचारून घेतो. लिहून घेताना त्याचं 'गिरसे' होतं, 'ग्रासे' होतं. तेच आडनाव शिंदखेड्यात, शिरपुरात किंवा शहाद्यात सांगा. तिथे आडनावावर कोणी थांबतच नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "कोनता गावना शेतस तुम्ही?" गिरासे तिथे इतके आहेत की नुसत्या आडनावावरून माणूस कळत नाही, गाव सांगावं लागतं.

विरळ आडनावांचं असंच असतं. राज्याच्या हिशेबात ती नगण्य असतात, पण दोन-तीन तालुक्यांत त्यांची दाटी असते. ती दाटी कुठे आहे आणि का आहे, हे कळलं की आडनावाचा अर्धा इतिहास हाती येतो. आपण मात्र नेमकं उलट करतो. आधी शब्दाचा अर्थ शोधतो, त्याला साजेशी गोष्ट जोडतो आणि तिथेच थांबतो. माझं सांगणं असं की आधी नकाशा बघावा, मग नोंदी बघाव्यात आणि अर्थाकडे सगळ्यात शेवटी वळावं. खानदेशात तर हे फारच जरुरीचं आहे, कारण इथली कितीतरी विरळ आडनावं 'पाटील' या एका शब्दाखाली झाकली गेली आहेत.

आधी दाटी का होते ते पाहू.

आडनाव आपल्याकडे बापाकडून मुलाकडे जातं. मुलगी लग्न होऊन गेली की तिच्याबरोबर ते जात नाही. म्हणजे ज्या पुरुषाला मुलगा नाही, त्याच्यापाशी त्या शाखेचं आडनाव थांबतं. हा प्रश्न गणिताचा म्हणून पहिल्यांदा गाजला तो इंग्लंडात. फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये तो जाहीरपणे मांडला आणि हेन्री वॉटसन या पाद्री-गणितज्ञाने त्याची मांडणी केली. तो असा : समजा शंभर वेगवेगळी आडनावं आहेत आणि प्रत्येक आडनावाचा एकेकच पुरुष आहे. सरासरीने प्रत्येकाला एक मुलगा होतो. पण सरासरीच, म्हणजे कुणाला तीन, कुणाला एकही नाही. मुलगे होणं निव्वळ योगायोगावर सोडलं तर पहिल्याच पिढीत सुमारे ३७ आडनावं संपतात. दुसऱ्या पिढीअखेर ५३, तिसऱ्या पिढीअखेर ६३ आणि पाचव्या पिढीपर्यंत सुमारे ७३. शंभरातली सत्तावीसच उरतात. लोकसंख्या तेवढीच राहिली, दुष्काळ नाही, साथ नाही, तरीही.

खानदेशाने दुष्काळ आणि साथी दोन्ही भरपूर पाहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे दुष्काळ आणि त्यांच्या मागोमाग आलेला प्लेग, यात किती घरांचे दिवे विझले असतील याचा अंदाज वरच्या हिशेबावरून करता येतो. ज्या शाखा तगल्या त्या वाढल्या, आणि वाढल्या त्या जमिनीला धरून. वाटण्या झाल्या तरी भाऊ त्याच शिवारात राहिले. जास्तीत जास्त नदीच्या पल्याडच्या गावात नवी जमीन घेतली. पाच-सात पिढ्यांत एका घराची पन्नास घरं झाली, पण ती सगळी दोन-चार कोसांच्या आत. आडनावाची दाटी अशी तयार होते. मुली दुसऱ्या गावी गेल्या, पण त्यांनी नाव नेलं नाही. म्हणून रक्ताचं नातं दूरवर पसरतं आणि आडनाव मात्र जागच्या जागी साचतं.

आता गिरासे कुठे साचले आहेत ते बघा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधून पूर्व-पश्चिम वाहणारी तापी, असा खानदेश. गिरासे प्रामुख्याने तापीच्या पश्चिम भागात, दोन्ही काठांवर आढळतात : अलीकडे शिंदखेडा-दोंडाईचा, पलीकडे शिरपूर-शहादा, आणि खाली नंदुरबारकडे. पूर्वेला रावेर-यावलकडे सरकलं की हे आडनाव विरळ होत जातं आणि तिथे लेवा पाटील समाजाची आडनावं सुरू होतात : नेमाडे, भारंबे, नारखेडे, फालक, झोपे, बोंडे, वारके, अत्तरदे. दक्षिणेला साक्री-बागलाण-मालेगावकडे वळलं की देवरे, भामरे, बच्छाव, खैरनार, शेवाळे, अहिरराव दिसू लागतात. सातपुड्यात चढलं की पाडवी, वळवी, वसावे, पावरा. एवढ्याशा मुलुखात आडनाव ऐकून दिशा सांगता येते.

तापीच्या काठाचा हा पट्टा म्हणजे जुना हमरस्ता. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरला आणि तिथून उत्तरेकडे जाणारा माल नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा जायचा. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच वाटेने गेला आणि त्याने मुक्कामांची यादी लिहून ठेवली. त्यात ही गावं ओळखू येतात. थाळनेर आज शिरपूर तालुक्यातलं एक गाव आहे, पण खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या कबरी तिथे आहेत, कारण ते एकेकाळी सत्तेचं ठाणं होतं. ज्या वाटेवर माल आणि महसूल फिरतो, त्या वाटेवर तो राखणारे, वसूल करणारे आणि त्यात हक्क सांगणारेही येऊन बसतात. गुजरात आणि माळव्याकडून आलेली राजपूत घराणी या पट्ट्यात का बसली, याचं उत्तर नकाशाच देतो.

आता अर्थाकडे वळता येईल. 'ग्रास' म्हणजे घास. गुजरातीत त्याचा 'गरास' झाला. मोठ्या घराण्यातल्या धाकट्या भावांना पोटापाण्यासाठी जी जमीन किंवा उत्पन्नाचा वाटा तोडून दिला जाई तो गरास, आणि तो खाणारा गरासिया. पुढे त्या शब्दाला दुसरा, जास्त कडक अर्थ चिकटला. सत्ता गेलेली, पण शस्त्र हातात असलेली घराणी आसपासच्या गावांवर वार्षिक रकमेचा हक्क सांगू लागली. रक्कम मिळाली की गावाला उपद्रव नाही. मराठी अमलात आणि नंतर इंग्रजी अमलात यातले काही हक्क मान्य करून सरकारी तिजोरीतून रोख द्यायची पद्धत पडली. मुंबई सरकारला १८८७ मध्ये 'तोडा गिरास' भत्त्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला, इतका हा मामला पसरलेला होता. गिरास खाणारा तो गिरासी, आणि त्या घरांचं मराठीतलं अनेकवचन रूळून झालेलं आडनाव गिरासे.

म्हणजे हे आडनाव एका पूर्वजाचं नाव नाही, तो एक दर्जा आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. आडनाव विरळ आणि एकाच भागात साचलेलं दिसलं की आपण धरून चालतो, हे सगळे एकाच मूळ पुरुषाचे वंशज. दर्जावरून किंवा कामावरून पडलेल्या आडनावांत तसं होत नाही. एकाच काळात दहा वेगळ्या घराण्यांना गिरास असू शकतो, दहाही गिरासे होतात. म्हणूनच गिरासे म्हणवणाऱ्या घरांत आत वेगवेगळी कुळं असतात आणि सोयरीक ठरवताना आडनावाच्या खालचं ते कूळ विचारलं जातं. आडनाव सारखं असूनही कूळ वेगळं म्हणून लग्नं जमतात. बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटतं, पण यात काहीच चमत्कारिक नाही.

शब्दाच्या मागे आंधळेपणाने गेलं तर काय होतं, याचंही उदाहरण याच शब्दात आहे. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत भिल्लांच्या नोंदीत 'भिल गरासिया' आणि 'डुंगरी गरासिया' अशी नावं आहेत. शब्द तोच, मूळ तेच, पण समाज वेगळा, जगणं वेगळं, इतिहास वेगळा. नुसता शब्दकोश उघडून बसलेला माणूस या दोघांना एकत्र बांधून मोकळा होईल. नकाशा आणि नोंदी पाहणारा तसं करणार नाही.

विज्ञानाने हा प्रश्न आणखी एका बाजूने तपासला आहे. वाय गुणसूत्रही आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. ब्रायन साइक्स या इंग्रज जनुकशास्त्रज्ञाने २००० मध्ये स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांचे नमुने तपासले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच जातकुळीचं निघालं, म्हणजे ते आडनाव बहुधा एकाच माणसापासून सुरू झालं होतं. उरलेले निम्मे जुळले नाहीत, कारण काही शे वर्षांत दत्तक येतात, आईचं नाव लागतं, नाव उसनं घेतलं जातं. आपल्याकडे वतनासाठी दत्तक घेणं आणि घरजावई ठेवणं सर्रास होतं. तेव्हा खानदेशातल्या कुठल्याही वतनदार आडनावाची अशी तपासणी झाली, तर न जुळणारे पुष्कळ निघतील असंच धरून चालावं. त्याने भाऊबंदकी खोटी ठरत नाही. भाऊबंदकी गुणसूत्रावर चाललेली नव्हतीच.

गावावरून पडलेली नावं

गावावरून आडनाव पडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यातली एक गोष्ट निसटते. धुळ्यात राहणाऱ्याला धुळेकर म्हणायचं कारणच नसतं, तिथे सगळेच धुळ्याचे. तो नाशकाला, पुण्याला, इंदुरात गेला की धुळेकर होतो. म्हणजे 'कर' लागलेलं आडनाव जिथून माणूस निघाला तिथे जन्मत नाही, जिथे पोचला तिथे जन्मतं. एरंडोलकरांची दाटी एरंडोलात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. खानदेशात 'कर'ची आडनावं कोकणाच्या मानाने कमी आहेत. बाविस्करांसारखं एखादं नाव सोडलं तर गाव आडनावात येतं ते बहुधा शेपूट न लावता. धुळे तालुक्यात भदाणे नावाचं गाव आहे आणि भदाणे हे आडनावही त्याच मुलुखात भरपूर आहे. भामेरच्या किल्ल्यावरून भामरे, असं साक्रीकडे सांगतात. गाव आणि आडनावाचा पट्टा एकमेकांना लागून असल्यामुळे त्या सांगण्याला वजन आहे.

'नेमाडे' हे त्याच तर्काने निमाडाकडे बोट दाखवतं. निमाड सातपुड्याच्या पलीकडे, आणि हे आडनाव सातपुड्याच्या अलीकडे, यावल-रावेरच्या पट्ट्यात; भालचंद्र नेमाडे यांचं सांगवी हे गाव यावल तालुक्यातलंच. निमाडातून इकडे आलेल्या घराला इकडच्यांनी ते नाव द्यावं हे 'कर'च्या नियमात बरोबर बसतं. नकाशाला पटणारी व्युत्पत्ती म्हणतात ती अशी. उलट 'बोंडे' म्हणजे कापसाचं बोंड, कारण खानदेशात कापूस पिकतो, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण कापूस तर सगळेच पिकवत होते. मग हे नाव काही घरांनाच का पडलं, या प्रश्नाला ती उत्तर देत नाही. असा प्रश्न विचारायची सवय लागली की निम्म्या गोष्टी आपोआप गळून पडतात.

'निकुंभ' हे आडनाव तर यासाठी मुद्दाम अभ्यासावं असं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, एक शिलालेख आहे, इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला इथल्या राजांनी दान दिलं, असा त्याचा आशय. ते राजे यादवांचे मांडलिक होते, सोइदेव आणि हेमाडिदेव, आणि त्यांचा वंश निकुंभ. आज खानदेशात निकुंभ आडनाव आहे, धुळे तालुक्यात निकुंभे गाव आहे. तीन गोष्टी एकाच मुलुखात, एकाच नावाच्या. मोह होणं साहजिक आहे. पण तेराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत आठशे वर्षं होतात, तीस-बत्तीस पिढ्या, आणि मधल्या पिढ्यांची साखळी कागदावर नाही. आजच्या निकुंभांचं नाव राजवंशावरून आलं असेल, गावावरून आलं असेल, किंवा गावाला राजांचं आणि घरांना गावाचं असं दोन पायऱ्यांनी आलं असेल. नाव जुळणं हा शोधाचा आरंभ आहे. वंशावळ हवी तर मधली माणसं नावानिशी लागतात.

पाटीलखाली काय आहे

खानदेशात एखादं आडनाव किती विरळ आहे हे मोजायला बसलं की सगळ्यात मोठी अडचण पाटील ही येते. मराठे पाटील, लेवा पाटील, गुजर पाटील, राजपूत पाटील. एका गावात चार पाटील, चारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पाटील हे मुळात गावच्या वतनाचं नाव. वतन एका घराकडे असे, पण त्याची सगळी भाऊबंदकी पाटील लावी. मुंबई सरकारच्या १८७४ च्या वतन कायद्याने हे वंशपरंपरेचे हक्क लेखी चौकटीत बसवले आणि नाव आणखी पक्कं झालं. स्वतंत्र महाराष्ट्राने १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी रद्द केली. आजचा पोलीस पाटील नेमलेला असतो, १९६७ च्या कायद्याखाली. वतन जाऊन साठ वर्षं झाली, आडनाव मात्र वाढतच गेलं, कारण पाटील लावण्यात मान होता आणि खालचं कूळ बाहेरगावी कुणाला कळत नसे.

चौधरी आणि महाजन यांचंही तेच. दोन्ही पेठेतल्या आणि गावातल्या प्रमुखपणाची नावं, आणि दोन्ही आज लेवा, गुजर, माळी, तेली अशा वेगवेगळ्या समाजांत आढळतात. बहिणाबाईंचं माहेर आसोद्याच्या महाजनांचं, सासर जळगावच्या चौधऱ्यांचं. खानदेशची ही सगळ्यांत लाडकी बाई, पण तिच्या दोन्ही आडनावांवरून तिच्या मुळाचा काही पत्ता लागत नाही. दोन्ही हुद्दे आहेत.

म्हणून मतदारयादीत किंवा शाळेच्या पटावर 'देवरे' जितके दिसतात, त्यापेक्षा कुळाने देवरे असलेले खरे जास्त असतात, गिरासेही तसेच. काही पाटीलमध्ये गेले, काहींनी 'राजपूत' हेच आडनाव लावलं, काहींनी कुळाचं नाव. सख्ख्या भावांचीही आडनावं वेगळी झालेली दिसतात. थोरला गावच्या शाळेत गेला, तिथे मास्तरांनी पाटील लिहिलं. धाकटा मामाकडे शिकला, तिथे गिरासे लागलं. पुढे नोकरी, जमीन, पासपोर्ट सगळं त्या पहिल्या नोंदीवर चाललं आणि दोन पिढ्यांत ती दोन घराणी झाली. वधू-वर परिचयपत्रात पुष्कळदा 'कूळ' असा वेगळा रकाना असतो तो याचसाठी. विरळ आडनावाचा शोध घेणाऱ्याने मतदारयादीइतकाच तो रकानाही वाचावा.

मतदारयादीवरून मोजायचं ठरवलं तर दोन गोष्टी सांभाळा. एक, नुसता आकडा बघू नका, हजारी प्रमाण काढा. समजा एका तालुक्यात दोन लाख मतदार आहेत आणि त्यांत एका आडनावाचे चार हजार. म्हणजे हजारी वीस. एखाद्या मोठ्या शहरात तीस लाखांत त्याच आडनावाचे सहा हजार निघाले, तर आकडा मोठा दिसतो, पण प्रमाण हजारी दोन. मूळ तालुक्यात आहे, शहरात फक्त स्थलांतर आहे. दुसरं, पुरुषांचीच नावं मोजा. बायकांची नोंद नवऱ्याच्या आडनावाने असते. तीही मोजली तर तीच घरं दोनदा मोजल्यासारखं होतं.

यापुढचं काम जुन्या कागदांचं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून 'कोतवाल बुक' हा शब्द घरोघर पोचला आहे. गाव नमुना १४ म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंचं रजिस्टर, कोतवालाच्या हातचं म्हणून कोतवाल बुक. यातली जुनी पानं मोडीत असतात आणि उघडल्यावर पहिला धक्का बसतो तो आडनाव नसण्याचा. 'नथू वल्द देवचंद', मग जात, तारीख, मृत्यू असेल तर कारण. बस. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. तेव्हा आडनाव शोधत पानं उलटू नका. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी नावांची जोडी पाठ करून जा आणि 'वल्द'च्या दोन्ही बाजूंची नावं जुळतात का ते पाहा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणून एकच नाव दोन पानांवर दोन तऱ्हांनी वाचलं जाऊ शकतं. जात, गाव आणि बापाचं नाव ही तिन्ही जुळल्याशिवाय नोंद आपली मानू नये.

जिल्ह्याचं नावही फसवतं. खानदेश हा इंग्रजांनी १८१८ मध्ये घेतला तेव्हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन झाले. महाराष्ट्र झाल्यावर ते जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. शहाद्याच्या एका घरात आजोबांच्या दाखल्यावर 'जि. पश्चिम खानदेश', वडिलांच्या दाखल्यावर 'जि. धुळे' आणि मुलाच्या दाखल्यावर 'जि. नंदुरबार' असतं. कागदावरून बघणाऱ्याला वाटावं, तीन पिढ्यांत तीन स्थलांतरं झाली. घर मात्र ओसरीसकट जागच्या जागी आहे.

सरकारी कागद जिथे संपतात तिथे त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी नेमकी वही काढतात. आपल्या आधी कोण येऊन गेलं, कुणाच्या अस्थी घेऊन आलं, बरोबर कोण होतं, त्याने भावांची, मुलांची, आजा-पणजांची काय नावं सांगितली, सगळं एका पानावर, खाली सही किंवा अंगठा. मला या वह्या सगळ्यांत मोलाच्या वाटतात, कारण इथे माणूस कुठला हक्क मिळवायला आलेला नसतो. घरातलं माणूस गेलेलं असतं, आणि तो घरात जसं बोलतात तसंच सांगतो. तिथे पाटीलऐवजी कूळ सांगितलेलं सापडायची शक्यता बरीच असते. राजपूत आणि गुजर घरांकडे भाटांच्याही वह्या असतात. त्यांत उगमाच्या कथा थोर असतात, मेवाडच्या, पावागडच्या. त्या कथा म्हणून जपाव्यात. पण खालच्या पाच-सात पिढ्यांची नावं त्यांत पुष्कळदा चोख मिळतात.

आणि कागदच नसेल तर कानबाई आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे गहू मोजून घेतात, आणि ते रोट भाऊबंदकीतच खातात, बाहेर देत नाहीत. म्हणून 'आमचे रोट एक' या तीन शब्दांत जे कळतं ते सात-बारावर कळत नाही. एक घर पाटील लावतं, दुसरं देवरे लावतं, पण रोट एक असतील तर ती एकाच मुळाची मानलेली घरं आहेत. कुलदेवी कुठली हा याला पूरक प्रश्न : म्हसदीची धनदाई, चिमठाण्याची पेडकाई, शिंदखेड्याजवळच्या पाटणची आशापुरी. देवीचं ठाणं बहुधा घराच्या आजच्या गावापेक्षा जुन्या मुक्कामाजवळ असतं.

सातपुड्याकडच्या आडनावांची एक वेगळीच गोष्ट आहे. इथे आडनावाचा पट्टा राज्याच्या सीमेने मधोमध कापलेला आहे. अक्कलकुवा-धडगावकडचे वसावे आणि सीमेच्या पलीकडे गुजरातेत भरूच-नर्मदा जिल्ह्यांतले वसावा, फरक शेवटच्या स्वराचा. नवापूरचे गावित आणि लागून असलेल्या व्यारा-सोनगडचे गामीत. सरकारी यादीतही गामीत, गामटा, गावित, मावची, पाडवी ही नावं एकाच नोंदीत एकापुढे एक आहेत. शिरपूर-शहाद्याकडे पावरा म्हणतात तेच चोपडा-यावलच्या डोंगरात आणि मध्य प्रदेशात बारेला. नुसत्या महाराष्ट्राच्या यादीवरून गावित किती आणि कुठले हे मोजायला गेलं तर उत्तर चुकीचंच येणार, कारण अर्धा नकाशा दुसऱ्या लिपीत आहे. या भागात आडनावाचा अभ्यास करायचा तर गुजराती वाचता आलंच पाहिजे.

गुजराती आता मैदानी खानदेशासाठीही लागते. सुरत-भुसावळ लोहमार्गावर अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी स्थानकं आहेत, आणि गेल्या काही पिढ्यांत यंत्रमाग आणि कापडाच्या कामासाठी याच गाडीने खानदेशी माणूस सुरतेला गेला. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत अहिराणी सहज कानावर पडते. जळगाव जिल्ह्यात १९५५ मध्ये जन्मलेले चंद्रकांत रघुनाथ पाटील २००९ पासून गुजरातेतल्या नवसारीचे खासदार आहेत, यावरून तिथल्या खानदेशी वस्तीची कल्पना यावी. गिरासे, देवरे, बोरसे, सैंदाणे यांची दुसरी दाटी तिथे तयार होते आहे. तिथे जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मगाव सुरत असतं, आडनाव गुजराती कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, आणि मूळ गावाला रकानाच नसतो. अशा घरांनी आजोबांच्या प्राथमिक शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढून घ्यावा. शाळा गावातच असते, अर्ज साधा असतो, आणि त्या एका ओळीत गाव, तालुका आणि तेव्हा लावलेलं आडनाव ही तिन्ही शेजारी शेजारी मिळतात.